वडिलांचं व्यक्तिचित्र काढून घ्यायचं आहे, चित्रकार कसा निवडावा?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. माझे वडील मिरजेत तंबोरे-सतारी बनवतात. 'बनवायचे' म्हणायचं की 'बनवतात' यावर घरात वाद आहे. वय ७८, दुकान आता भाऊ बघतो, पण जवारी काढून घ्यायला (म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज जुळवून घ्यायला) लोक अजून त्यांनाच शोधत येतात. दिवाळीपर्यंत त्यांचं एक चांगलं व्यक्तिचित्र काढून घ्यावं असं आम्हा भावंडांच्या मनात आहे. बजेट चाळीस हजारांच्या आसपास, थोडं वर-खाली चालेल.

तैलरंगच घ्यावेत का? फोटोवरून काढलेलं चालतं की समोर बसावंच लागतं? अण्णा बसायला तयार होणार नाहीत, "मी काय संस्थानिक लागून गेलोय?" हे आत्ताच ऐकून झालंय. आणि चित्रकार शोधायचा कुठे? मी पुण्यात असते. इन्स्टाग्रामवर पाहिलं तर सगळ्यांचीच चित्रं सारखीच गुळगुळीत दिसतात.

खडूस_नाशिककर
आधी चित्र लावणार कुठे ते सांगा. पावसाळ्यात भिंतीला ओल धरत असेल तर तुमचा चित्रकार कितीही थोर असो, बुरशीला त्याचं काही नसतं.

कृष्णाकाठ
मिरजेच्याच घरात, माजघरात. भिंत कोरडी आहे काका.

कोळसा_आणि_खोडरबर
मी याच धंद्यात आहे. मिरज माझ्या टप्प्यात नाही, त्यामुळे ही जाहिरात समजू नये.

माणूस हयात आहे ना? मग पैसे आकारावर घालवू नका, बैठकीवर घाला. ३० × ४० इंचांचं फोटोवरून काढलेलं चित्र आणि १८ × २४ चं समोर बसवून काढलेलं, यात मी डोळे मिटून दुसरं घेईन. फोटोत सावल्या काळ्याभोर होतात, त्यात प्रत्यक्षात जो निळसर, तांबूस रंग असतो तो दिसतच नाही. शिवाय माणूस पंधरा मिनिटांनी कॅमेऱ्याला देतो तो चेहरा सोडून आपल्या मूळ चेहऱ्यावर येतो. आम्हाला तोच हवा असतो.

पूर्ण चित्र समोर बसून काढायला या वयात कोणी सांगणार नाही. दोन बैठका मागा, प्रत्येकी दोनेक तासांच्या, दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून पाय मोकळे करायचे. त्यात चित्रकार चेहऱ्याचा रंगीत अभ्यास (छोटं कच्चं चित्र) करेल, हातांची स्केचेस करेल, स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढेल आणि मोठं चित्र स्टुडिओत पूर्ण करेल. बहुतेक जण असंच करतात.

हातांचं मुद्दाम लिहितो. हात चित्रात आले की भाव वाढतो, कारण हात चेहऱ्याइतकेच वेळ खातात. पण तंबोऱ्याच्या कारागिराचे हात वगळून चित्र काढणार असाल तर काढूच नका. पार्श्वभूमी साधी ठेवा, तिथे पैसे वाचवा.

सावंतवाडीची_सून
वरच्या पोस्टला अनुमोदन. फक्त तैलरंगाचाच आग्रह नको असं वाटतं. चित्रकार हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या मुलीचं ते प्रसिद्ध चित्र, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, ते जलरंगात आहे. आणि मॉडेल म्हणून त्यांचीच मुलगी उभी होती. अर्थात जलरंगात चेहरा साधणारे लोक आज कमी, आणि काच लागतेच, उन्हापासून जपावंही लागतं. बजेट ताणलं जात असेल तर चारकोल किंवा सॉफ्ट पेस्टल बघा, बऱ्याच कमी पैशांत होतं.

कोल्हापुरी_तांबडा
ताई, पुण्यात कुठं शोधताय? मिरजेहून कोल्हापूर तास-दीड तासावर. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, रवींद्र मेस्त्री यांचं गाव हे. कलानिकेतन आणि दळवीज या तिथल्या कला महाविद्यालयांत जाऊन शिक्षकांना सरळ विचारा, "समोर बसवून पोर्ट्रेट कोण चांगलं करतं?" दोन-तीन नावं सगळ्यांच्या तोंडी सारखीच येतील, ती धरा. मग स्टुडिओत जाऊन चित्रं प्रत्यक्ष बघा. मोबाइलवर सगळंच गुळगुळीत दिसतं ते खरंय.

आणि बघताना तरुण मुलींची चित्रं बघू नका, म्हाताऱ्या माणसांची दाखवा म्हणावं. सुरकुती ज्याला हाताळता येते तो तुमचा माणूस. काही जण प्रत्येक सुरकुती रेघेसारखी ओढतात, चेहरा भेगाळलेल्या रानासारखा होतो.

निळी_छत्री
ऑनलाइन ऑर्डरपासून लांब राहा. मावशीचं चित्र एका वेबसाइटवरून मागवलं होतं, 'हाताने रंगवलेलं' म्हणून. आलं ते फोटोचं कॅनव्हासवरचं प्रिंट, वरून पारदर्शक जेलचे ब्रश फिरवलेले. ओळखायची खूण अशी की ब्रशचे फटकारे एकीकडे जातात आणि खालचे रंग भलतीकडे. भिंगातून पाहिलं तर छपाईचे ठिपकेही दिसतात. म्हणून अंडरपेंटिंगपासून (रंगाच्या पहिल्या थरापासून) प्रत्येक टप्प्याचा फोटो द्यायचा, हे आधीच ठरवून घ्या. खऱ्या चित्रकाराला त्यात काही अडचण नसते.

कलम_आणि_काळा_कोट
एक कायद्याची गोष्ट, जी चित्रकारांनाही बऱ्याचदा माहीत नसते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या पोर्ट्रेटचा पहिला कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे भावाला उद्या ते चित्र दुकानाच्या कॅलेंडरवर छापायचं असेल तर छापता येईल. पण कलम ५७ मुळे चित्रावरचं श्रेय चित्रकाराचंच, सही कापून छापू नका. उलट चित्रकाराला ते प्रदर्शनात किंवा त्याच्या पेजवर लावायचं असेल, तर त्याची परवानगी आत्ताच एका ओळीत लिहून द्या. माणसं खूश होतात, कधी कधी भावही उतरतो.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्हापूरचं ठरलं, रविवारी भाऊ जातोय. पण अण्णांचं काय करू? आईचं म्हणणं, कोट-टोपी घालून खुर्चीत बसवा. अण्णा म्हणतात, त्या वेषात मला कोण ओळखणार?

कोळसा_आणि_खोडरबर
अण्णांचं बरोबर आहे! तुम्ही पुण्यात आहात तर बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन चित्रं बघून या, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीभूमिकेतलं. माणूस तोच, पण कुठला माणूस काढायचा हे आधी ठरवलंय.

त्यांना 'बसा' म्हणूच नका. चित्रकाराला दुकानात न्या आणि अण्णांना एका तंबोऱ्याची जवारी काढायला द्या. मान खाली, डोळे घोडीवर, कान तारेकडे. त्या कामात माणूस आपसूक स्थिर असतो. मधून मधून चित्रकाराने हाक मारली की वर बघतील, तेवढं पुरतं. फक्त ट्यूबलाइट बंद ठेवून एका बाजूच्या दाराचा किंवा खिडकीचा उजेड घ्या, उत्तरेचा असेल तर फारच छान. चष्म्याचा नंबर वाढलाय का तेही बघून घ्या, बैठकीनंतर फ्रेम बदलली तर घरचे म्हणणार 'हे अण्णा वाटत नाहीत'.

त्यावरून आठवलं, पसंती कोण देणार ते आत्ताच ठरवा. एकच माणूस. चार भावंडं, आई आणि आत्या मिळून नाक बघायला लागले की ते नाक कोणाचंच राहत नाही. आणि बदल सुचवायचे ते रेखाटन झाल्यावर. रंग चढल्यावर मान फिरवायला सांगू नये.

खडूस_नाशिककर
पैशांचं कोणी लिहिलंच नाही. एक तृतीयांश आगाऊ, एक तृतीयांश रेखाटन पसंत पडल्यावर, उरलेले चित्र हातात आल्यावर. फ्रेम, कॅनव्हास, येण्याजाण्याचा खर्च धरून की वेगळा, ते लिहून घ्या. कसलेल्या माणसाकडून हातांसकट तैलचित्र चाळीसात बसेलच असं नाही. न बसल्यास साइज कमी करा, माणूस बदलू नका.

कृष्णाकाठ
दुकानातली कल्पना अण्णांच्या कानावर घातली. "जवारी काढताना बघायचं तर बघू दे, मला काय" इतकं म्हणाले. आमच्याकडे याला होकार म्हणतात. शेवटचा प्रश्न, तैलचित्राला काच लावायची का?

कोळसा_आणि_खोडरबर
नको. तैलरंगाला मोकळी हवा लागते. दिवाळीला भिंतीवर हवं असेल तर गणपतीपर्यंत रंगकाम संपवा, हात लावण्याइतकं वाळायलाही एक-दोन आठवडे जातात, जाड रंग असेल तर जास्त. शेवटचं व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने, ते करून देण्याचं आत्ताच बोलून ठेवा, नाहीतर राहून जातं. आणि फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि कॅनव्हास यांच्यात हवा खेळते. नाशिककर काकांची बुरशीची काळजीही मिटेल.