मदत हवी आहे: चित्र दिसतं, सिनेमा काही ओळखता येत नाही

मंडळी, प्रश्न जरा येडपट आहे. पण माझे कोंबडीवडे पणाला लागलेत, म्हणून विचारतोच.

मी वेंगुर्ल्याचा. आम्ही पाच जण महिन्यातून एकदा एका मित्राच्या माडीवर चादर ताणून सिनेमा बघतो, लाईट राहिली तर. त्यातला एक ट्रॉलरवर असतो, एक हायस्कुलात मास्तर, एकाचं औषधाचं दुकान, मास्तरांच्या घरातून आमच्या वहिनी (सगळ्यांत जास्त सिनेमे त्यांनीच पाहिलेत), आणि पाचवा मी. गेली काही वर्षं आम्हाला क्रायटेरियनचं खूळ लागलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही अमेरिकन कंपनी 1984पासून जगभरचे निवडक सिनेमे घरी बघण्यासाठी काढते. आधी लेझरडिस्क, 1998पासून डीव्हीडी, 2008पासून ब्ल्यू-रे आणि आता फोर-केसुद्धा. डिस्कच्या कण्यावर नंबर असतो आणि लोक त्या नंबरांसाठी जीव टाकतात.

तर, दर 1 जानेवारीला ते एक चित्र टाकतात. वर्षभरात येणाऱ्या सिनेमांच्या खुणा त्यात लपवलेल्या असतात. नाव कुठेच नाही. नुसत्या वस्तू, प्राणी, माणसं आणि शब्दांवरच्या कोट्या. त्यांच्या न्यूजलेटरमध्येही अशी छोटी चित्रं यायची, ती जेसन पोलन नावाचा न्यूयॉर्कचा चित्रकार काढायचा. पोराने वहीच्या मागच्या पानावर काढावी तशी रेघ. जानेवारी 2020मध्ये तो गेला, वय फक्त 37. खेळ मात्र थांबला नाही.

आमची पैज अशी: चित्र आलं की चोवीस तासांत प्रत्येकाने पाच नावं लिहून पाकीट बंद करायचं. वर्षअखेरीस ज्याची सगळ्यांत कमी बरोबर येतील, त्याने बाकीच्यांना कोंबडीवडे घालायचे. तीन वर्षं मीच घालतोय. बायको म्हणते, त्यापेक्षा सरळ खानावळ काढ.

अडचण कुठे होते ते सांगतो. सरावासाठी गेल्या महिन्यात वहिनींनी स्वतः एक चित्र काढलं. चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. ट्रॉलरवाला ताडकन म्हणाला, "लेपो!" एकदम बरोबर. पण इंग्रजीत त्याला सोल म्हणतात, सोल म्हणजे बुटाचा तळवा, आणि उच्चार तोच ठेवून स्पेलिंग बदललं की आत्मा. वहिनींना आत्मा हवा होता. आम्ही तिथवर पोचलोच नाही. लेपो तळलेला बरा की तिखलं बरं, यावर अर्धा तास गेला.

म्हणजे वस्तू ओळखायला आम्ही कमी पडत नाही. उलट जास्तच ओळखतो. परदेशातली मंडळी मासा बघून 'फिश' म्हणून मोकळी होतात, आमच्याकडे ह्यो बांगडो की ही तारली यावर भांडण. तोवर कोटी निसटते.

प्रश्न असे:

एक, ज्याच्या डोक्यात पहिला शब्द मराठी (किंवा मालवणी) येतो, त्याने या कोड्यांचा सराव कसा करावा?

दुसरा, शिमग्याला मुंबईहून चाकरमानी येतील तेव्हा हाच खेळ मराठी सिनेमांवर खेळायचा बेत आहे. चित्रं सुचवा.

आणि जाता जाता: भाच्याने अमेरिकेतून आणलेली एक ब्ल्यू-रे माझ्या प्लेयरमध्ये चालत नाही. डिस्क खराब की प्लेयर?

तिठा:
तुम्ही उलटीकडून सुरुवात करताय. आधी चित्र बघूच नका. आधी यादी करा. कोणत्या सिनेमाच्या प्रिंटचं अलीकडे रिस्टोरेशन झालं, ते कोणी केलं, फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या क्लासिक्स विभागात आणि इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात काय दाखवलं. जानस फिल्म्स ही क्रायटेरियनच्या घरचीच कंपनी, त्यामुळे जानसने काय उचललं तेही बघा. अशी तीस-चाळीस नावं हाताशी असली की चित्राकडे जायचं आणि प्रत्येक नाव त्यात बसतं का ते तपासायचं. चित्रातून नाव काढणं अवघड, नावावरून चित्र शोधणं सोपं.

उदाहरण देतो. सत्यजित राय यांचा 'अरण्येर दिनरात्रि' 2025मध्ये कानला रिस्टोर करून दाखवला, आणि त्या कामात आपल्या मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनबरोबर जानस आणि क्रायटेरियनही होते. म्हणजे नाव यादीत घ्यायचं. त्याचं इंग्रजी नाव 'डेज अँड नाइट्स इन द फॉरेस्ट'. मी चित्रकार असतो तर झाडीत कॅलेंडरची पानं टांगली असती आणि खाली चिलखत घातलेले दोन घोडेस्वार. नाइट म्हणजे रात्र, नाइट म्हणजे सरदार. हे नाव आधी डोक्यात नसेल तर ते घोडेस्वार बघून तुम्ही पानिपतावर पोचाल.

गजालखोर:
आता डिस्क घेतं कोण? सगळं मोबाइलवर आहे की.

धागाकर्ता:
@गजालखोर, मोबाइलवर आज आहे, उद्या नाही. आणि आमच्याकडे पावसात नेटवर्क गेलं की चार दिवस येत नाही. इन्व्हर्टरवर डिस्क तरी फिरते. पण तो वाद इथे नको, दुसरा धागा काढा, येतो.

@तिठा, पानिपत वाचून मास्तर हसून खाली बसले, कारण ते खरंच तिथेच गेले असते. यादीची युक्ती पटली.

कातळसडा:
माझं निरीक्षण जरा वेगळं. आपल्याला खुणा वाचायची सवय नाही असं मुळीच नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) घ्या. 120 पानं, दहा अवतार, प्रत्येकाची बारा. कुऱ्हाड दिसली की परशुराम, मासा दिसला की मत्स्य. माझी आजी डोळे बारीक करून पान बघायची आणि चुकायची नाही. पण तिथे खूण अर्थाने वाचायची असते. कुऱ्हाड म्हणजे कुऱ्हाडवाला, संपलं. तुमच्या चित्रात खूण आवाजाने वाचायची आहे. कुऱ्हाड म्हणजे इंग्रजीत 'अ‍ॅक्स', आणि मग कानाला 'अ‍ॅक्स' आणखी कशात ऐकू येतं ते शोधायचं. तुमचे मित्र गंजिफा खेळतायत, समोरचा हुमाण (कोडं) घालतोय.

म्हणून सराव असा करा: चित्र एकाने बघायचं आणि बाकीच्यांना फक्त इंग्रजी शब्द मोठ्याने वाचून दाखवायचे, भराभर, दोन-तीनदा. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. आम्ही घरी करून पाहिलं. चित्र न बघणाऱ्यालाच उत्तर आधी सापडतं. ट्रॉलरवाल्याला तर चित्र अजिबात दाखवू नका.

रापण:
मराठी चित्रं घ्या, माझ्याकडून तीन:

नट-बोल्टातला नट आणि शेजारी रंगाचा डबा.
पद्मासनात बसलेला सिंह.
उंबऱ्यावर ठेवलेला पृथ्वीचा गोल.

(नटरंग, सिंहासन, दुनियादारी. तिसरं माझ्या मुलीने केलं, मला दहा मिनिटं लागली.)

एक सांगतो, 'वळू'साठी वळू काढू नका आणि 'पिंजरा'साठी पिंजरा काढू नका. त्याला कोडं म्हणत नाहीत, तो बालवाडीचा तक्ता झाला. शब्द कुठेतरी मोडला पाहिजे. 'सिंहासन'मध्ये मजा आहे, कारण खुर्ची न काढता नाव येतं. आणि 'टाइमपास'साठी घड्याळ आणि एसटीचा पास हे सगळ्यांना सुचतं, ते पहिलं ठेवा, म्हणजे चाकरमान्यांना हुरूप येईल. मग हळूच सिंह बाहेर काढा.

बांदकरीण:
प्लेयरचं उत्तर कोणी दिलंच नाही. डिस्क चांगली आहे, प्लेयरही चांगला आहे. ब्ल्यू-रेचे प्रदेश तीन: अमेरिका ए, युरोप बी, आणि भारत सीमध्ये येतो. अमेरिकेतल्या बऱ्याच डिस्का एला कुलूपबंद असतात. डीव्हीडीचं गणित पुन्हा वेगळं, अमेरिका 1 आणि आपण 5. एकतर सगळे प्रदेश चालणारा प्लेयर घ्या, किंवा भाच्याला सांगा की घेण्याआधी पाकिटाच्या मागचं अक्षर बघ. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला प्रदेशाची भानगडच नाही, पण तिला प्लेयरही फोर-केवालाच लागतो. आणि एकाच पाकिटात फोर-के आणि ब्ल्यू-रे अशा दोन्ही असतील तर ब्ल्यू-रेला कुलूप असू शकतं, यात मी स्वतः फसले आहे.

पावसाळ्यासाठी न विचारता सल्ला: पाकिटातली पुस्तिका आधी खराब होते, डिस्क नंतर. माझ्याकडे दोन पुस्तिकांवर बुरशीचे ठिपके आले. आता बिस्किटांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते, आणि उघडीप मिळाली की पुड्या वाळवते. डिस्क पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. आणि पदराने नाही!

धागाकर्ता:
@बांदकरीण, मागचं अक्षर बघितलं. ए. चार महिने प्लेयरला शिव्या घालत होतो, माफी मागतो त्याची. डबा आजच रिकामा केला (बिस्किटं संपवावी लागली).

काल कातळसडा यांची रीत करून पाहिली. वहिनी वाचत होत्या, आम्ही चौघे डोळे मिटून. औषधवाल्याने सहापैकी चार ओळखली, मी दोन. माझ्यासाठी ही प्रगतीच. ट्रॉलरवाल्याला मात्र डोळे मिटल्यावर झोप लागली, पहाटे जेटीवरून आला होता बिचारा.

जागा झाल्यावर त्यानेही एक मराठी कोडं काढलं आणि त्यावरून आमच्यात जुंपली आहे. चित्रात त्याचा लाडका लेपो आणि बाजूला एक अंडं. उत्तर म्हणे 'लपंडाव'. मास्तर म्हणाले, अरे पण मासा लेपो, 'लप' नव्हे, आणि शेवटचा 'आव' कुठाय? तो म्हणतो, "मालवणीत चालता. आणि आव तुमी आणा, तुमच्याकडे भरपूर आसा."

वहिनी पूर्ण गुण द्यायच्या बाजूने आहेत, मास्तर शून्य. माझं मत अर्धा गुण. @रापण, तुम्ही नियम सांगितलात, आता तुम्हीच निवाडा करा.