फिकट फुलांचा पिवळा धोत्रा: जात वेगळी की नुसता रंग?

प्रश्न
राडारोड्याच्या ढिगावर गुडघाभर उंचीचं काटेरी झाड उगवलंय. पानांच्या शिरा पांढरट, पाकळ्या चुरगळलेल्या पातळ कागदासारख्या. देठ मोडला की पिवळा चीक येतो. पिवळा धोत्राच म्हटला असता, पण याची फुलं सायीच्या रंगाची आहेत. उन्हानं रंग उडाला म्हणावं, तर सकाळी नुकतं उमललेलं फूलही तसंच.

उत्तर १
उंटकटारा असेल. काटेरी पानांमुळे फसायला होतं.

उत्तर २
नाही हो, उंटकटाऱ्याला सुट्या पाकळ्यांचं फूल नसतं, गोल काटेरी गेंद असतो. काटेरी पानं, खसखशीसारखं फूल आणि पिवळा चीक, हे तिन्ही एकत्र आले की आर्जेमोने, म्हणजे पिवळ्या धोत्र्याची प्रजाती. 

आता जात. रंगावर अडकू नका, कळी बघा. उमलायच्या बेतात असलेली घ्या, कोवळी नको. नेहमीच्या पिवळ्या धोत्र्याची, म्हणजे आर्जेमोने मेक्सिकानाची, कळी जवळपास गोल असते, आर्जेमोने ऑक्रोल्यूकाची लांबट. मी बरीच फिकट झाडं निव्वळ सवयीनं मेक्सिकाना म्हणून नोंदवली होती. कळ्या तपासायला लागल्यावर त्या नोंदी पुन्हा काढाव्या लागल्या.

दोन्ही मूळच्या मेक्सिकोकडच्या. मेक्सिकानाला लिनियसनं १७५३ मध्ये नाव दिलं. ऑक्रोल्यूका ऑस्ट्रेलियातही तण म्हणून पसरली आहे. मूळ मेक्सिकोकडचं म्हणूनच, प्राचीन ग्रंथांतली स्वर्णक्षीरी (सोनेरी चिकाची औषधी वनस्पती) म्हणजे हेच झाड, असं कुणी सांगितलं की मला राहवत नाही. अमेरिका खंडातलं झाड त्या काळी इथे येणार कुठून? आणि खऱ्या धोत्र्याशी तर याचं नातंच नाही, तो वांग्याच्या कुळातला.

प्रश्नकर्ता
तीन कळ्या मोजल्या. सगळ्यात मोठी १४ मिमी लांब, ७ मिमी रुंद. टोकाला छोटी शिंगं आहेत.

उत्तर २
रुंदीच्या दुप्पट लांबी, वर फिकट फूल: ऑक्रोल्यूका. नोंदीला कळीचा बाजूनं काढलेला फोटो नक्की जोडा, नुसत्या फुलाच्या फोटोवर कुणालाच खात्रीनं सांगता येणार नाही.

एक विनंती. बोंडं टोकाकडून उकलायच्या आत झाड मुळासकट काढा, जाड हातमोजे घालून. आतल्या काळ्या बिया थेट मोहरीसारख्या दिसतात. मेक्सिकानाच्या बियांचं तेल खाण्याच्या तेलात मिसळलं गेलं की त्यातल्या सँग्विनारिन या विषारी घटकामुळे पायांना सूज येते, हृदयावरही परिणाम होतो. ही तिची सख्खी बहीण आहे, तेव्हा बिया घरात आणू नका, नमुना म्हणूनसुद्धा.