मदत हवी आहे: आईचा दमा, उद्या व्हिडिओवर डॉक्टर, तयारी काय करू?

चौथा_माळा
आईला जुना दमा आहे. उद्या संध्याकाळी छातीच्या डॉक्टरांची व्हिडिओ अपॉइंटमेंट मिळाली आहे. लिंक आली आहे, वेळ १५ मिनिटं. आम्ही लालबागला चाळीत राहतो, लिफ्ट नाही. जिने उतरून टॅक्सीने दवाखान्यात पोचेपर्यंतच तिला धाप लागते, म्हणून हा मार्ग घेतला. पण समोर गेलं की डॉक्टर स्टेथोस्कोप लावून बघतात. इथे काय दाखवायचं, काय विचारायचं? पंप चालू आहे तरी रात्री खोकते. ज्यांनी असं केलंय त्यांनी प्लीज आजच सांगा.

सुखदा_ठाणे
वय? कोणता पंप? किती वेळा घेतात?

चौथा_माळा
६८. निळा पंप. लागेल तेव्हा घेते. पाऊस सुरू झाल्यापासून खोकला वाढलाय. तयारीचं सांगा ना कोणीतरी.

सुखदा_ठाणे
तयारी हीच आहे हो. सकाळ-संध्याकाळ घ्यायचा दुसरा पंप दिला नाहीये का?

चौथा_माळा
दिलाय. बरं वाटलं की बंद करते. शेजारच्या काकूंनी त्यात स्टेरॉइड आहे असं सांगितल्यापासून तर हातच लावत नाही.

सुखदा_ठाणे
मग उद्या सगळ्यात आधी हे सांगा. निळ्या पंपाने आवळलेल्या नळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या होतात, आतली सूज तशीच राहते. सूज दुसरा पंप उतरवतो. माझ्या मुलाचे डॉक्टर दर वेळी मागच्या चार आठवड्यांचं विचारतात: दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का, रात्री जाग आली का, निळा पंप दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, रोजची कामं अडली का. आज आईंजवळ बसून हे कागदावर लिहून काढा. "बरी आहे" एवढ्यावर सोडू नका, आपल्या आया सगळं बरंच आहे म्हणतात.

मुलुंडचे_आजोबा
पंपाची सवय लागते, एकदा लागली की सुटत नाही. मातोश्रींना महिनाभर पाचगणीला हवापालटाला न्या आणि रोज सकाळी कपालभाती करायला लावा. माझ्या मेहुण्याचा दमा असाच गेला.

केमिस्ट_गिरगाव
काका, धाप लागलेल्या माणसाला कपालभाती करायला लावू नका, कळकळीची विनंती आहे. श्वासाचे हलके व्यायाम पंपाच्या जोडीला चालतात, पंपाऐवजी नाही. आणि पंपाची सवय लागत नाही. त्यातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात. शिवाय पंपातलं थेट फुप्फुसात जातं. घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

मुलुंडचे_आजोबा
मी अनुभव सांगितला. तुम्ही औषधं विकता, तुम्ही तसंच बोलणार.

केमिस्ट_गिरगाव
काउंटरवर रोज फक्त निळा पंप मागणारे लोक येतात, दुसरा कोणी मागत नाही. त्यातल्या काहींना पुढे ॲडमिट करावं लागतं. ते बघून बोलतोय.

वडाळा_ईस्ट
पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकर किती जोराची आहे ते मोजायची नळी, आहे का? नसेल तर आत्ता आणा, काही शे रुपयांत मिळतो. उभं राहून जोरात फुंकायचं, तीनदा, त्यातला मोठा आकडा लिहायचा. सकाळी आणि संध्याकाळी, पंप घ्यायच्या आधी. बरं असतानाचा सर्वोत्तम आकडा समजा ३०० आला, तर २४० च्या वर ठीक, १५० ते २४० मध्ये सावध, १५० च्या खाली धोका. उद्यापर्यंत दोन-तीन नोंदी होतील, तेवढ्याही डॉक्टरांना उपयोगी पडतात. रात्री खोकला सुरू झाला की मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. छातीची शिट्टी ऐकू आली तर ती स्टेथोस्कोपच्या जवळपास काम करते.

आणि आईंना कॅमेऱ्यासमोर पंप घ्यायला सांगा! आमच्या बाबांचा सगळा घोळ तिथेच सापडला. दाबायचे आधी आणि श्वास ओढायचे नंतर, औषध सगळं जिभेवर. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावल्यावर फरक पडला.

नवा_सदस्य_२२
पंप संपलाय का ते पाण्यात टाकून बघा, तरंगला तर रिकामा.

केमिस्ट_गिरगाव
नको. ती पद्धत भरवशाची नाही आणि झडपेत पाणी जातं. आकड्याची खिडकी असेल तर ती बघा, नसेल तर डब्यावर सुरू केल्याची तारीख लिहा. फवारा उडतो म्हणजे औषध आहे असं समजू नका. औषध संपल्यावरही नुसता वायू उडत राहतो.

दादर_वेस्ट
घराजवळ कबुतरं आहेत का? सगळ्याचं मूळ तेच. दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये बंद केला तेव्हा किती आरडाओरडा झाला!

वडाळा_ईस्ट
कबुतरांच्या विष्ठेने प्रामुख्याने होतो तो हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे ॲलर्जीने फुप्फुसांना येणारी सूज, तो वेगळा आजार. लालबागच्या जुन्या चाळीत, पावसाळ्यात, मला आधी भिंतीच्या ओलीची आणि बुरशीची शंका येते.

दादर_वेस्ट
दम्याच्या माणसाला कबुतरांचा त्रास होत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?

वडाळा_ईस्ट
होऊ शकतो. पण उद्याच्या १५ मिनिटांत कबुतरखान्याचा निकाल लागणार नाही. चौथा माळा, भिंतीला ओल असेल तर फोटो काढून ठेवा.

केमिस्ट_गिरगाव
चौथा माळा, दम्याची सोडून आईंना बाकी कोणती औषधं चालू आहेत?

चौथा_माळा
बीपीची अ‍ॅम्लोडिपिन. गुडघा दुखला की पेनकिलर. डोळ्यात थेंब घालते. पण ते दम्याच्या डॉक्टरांना कशाला सांगायचं?

केमिस्ट_गिरगाव
अ‍ॅम्लोडिपिनचं ठीक. पेनकिलर कोणती ते सांगा, काही जणांचा दमा अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनने उसळतो. आणि थेंब काचबिंदूचे आहेत का? बाटलीवरचं नाव वाचा.

चौथा_माळा
बहिणीला विचारलं. हो, काचबिंदू. बाटलीवर टिमोलॉल लिहिलंय. यंदाच्या उन्हाळ्यात सुरू केले. डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याचं सांगितलं होतं का, ते आईला आठवत नाही.

केमिस्ट_गिरगाव
उद्या संध्याकाळपर्यंत थांबू नका. टिमोलॉल बीटा ब्लॉकर या गटातलं औषध आहे. डोळ्यातला थेंब अश्रूंच्या नळीतून नाकात उतरतो आणि तिथून रक्तात मिसळतो. दमा असलेल्याच्या श्वासनळ्या त्याने आवळू शकतात, म्हणून दम्यात ते देत नाहीत. आत्ताच डोळ्यांच्या दवाखान्यात फोन करा, "आईला दमा आहे आणि रात्री खोकला वाढलाय" हे स्पष्ट सांगा. आजचा थेंब घालायचा की नाही तेच सांगतील. मनाने बंद करून तसंच ठेवू नका, डोळ्यातला दाब न दुखता वाढतो आणि गेलेली नजर परत येत नाही. दुसऱ्या गटाचे थेंब मिळतात, ते बदलून देतील. खोकला त्यानेच वाढला असं मी म्हणत नाही, पावसाळा आहे, दुसरा पंपही बंद आहे. पण छातीच्या डॉक्टरांना हे कळायलाच हवं.

सुखदा_ठाणे
बापरे. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून कॅमेऱ्यासमोर ठेवा, थेंब, मलम, काढे, सगळं. आणि आज रात्री धाप वाढली, एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसले किंवा निळ्या पंपाने उतार पडेना, तर व्हिडिओची वाट बघू नका. १०८ लावा किंवा सरळ जवळच्या कॅज्युअल्टीत न्या.

तांत्रिक_मदत
मोबाइल उभा धरू नका, आडवा ठेवा. माझ्याकडे जुना ट्रायपॉड आहे, कोणाला हवा असल्यास सांगा.

चौथा_माळा
डोळ्यांच्या दवाखान्यात बोललो. आजचा थेंब घालू नका म्हणाले, उद्या सकाळी बोलावलंय. शेजारचा मुलगा खाली उतरवायला मदत करणार आहे. पीक फ्लो मीटरही आणला, पहिला आकडा १७०. आता एकच सांगा, संध्याकाळी मी अंधेरीला ऑफिसात असेन. मी तिथून बोललो तर चालेल का?

वडाळा_ईस्ट
२०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत रुग्णासोबत घरच्या माणसाने बोलायला हरकत नाही. पण आई समोर हव्यात, डॉक्टरांना त्यांचा श्वास आणि बोलणं बघायचं असतं. बहिणीला त्यांच्याजवळ बसवा. प्रकाश तोंडावर हवा, पाठीमागे खिडकी नको, कमरेपर्यंत दिसू द्या. तुम्हालाही जोडायचं असेल तर एक लिंक दोन फोनवर चालते का ते दवाखान्याला आधी विचारा. आणि १७० हा आकडा सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगा.

नवा_सदस्य_२२
माझ्या वडिलांनाही टिमोलॉल आहे. दमा नाही, सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार. त्यांचं काय?

केमिस्ट_गिरगाव
तीच काळजी. आजच फोन करा.