रसायन-सुरक्षेचा डेटाबेस सुचवा (कॉलेज ग्रंथालय, बजेट ६० हजार)

कपाटकिल्ली
नमस्कार मंडळी. मी एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे एमएस्सी केमिस्ट्रीची लॅब आहे. गेल्या महिन्यात एका मुलाने उरलेलं नायट्रिक ॲसिड वेस्टच्या बाटलीत ओतलं. बाटलीत आधीचं ॲसिटोन होतं. बूच घट्ट लावून साहेब जेवायला गेले. बूच छताला जाऊन आपटलं, लॅबभर तपकिरी धूर. आत कुणी नव्हतं म्हणून वाचलो. चौकशी समितीने सेफ्टी शीटची (प्रत्येक रसायनाचे धोके आणि खबरदारी लिहिलेल्या पानांची) फाइल मागितली तर ती निघाली २००९ची, ओल लागून पानं एकमेकांना चिकटलेली. आता प्राचार्यांचं म्हणणं, ग्रंथालयाने डेटाबेस घ्यावा.
बजेट जीएसटी धरून ६० हजार, बिल ३१ मार्चच्या आत लागायला हवं. मुलांना फोनवर दिसावं. केमिकल स्टोअर तळघरात आहे, तिथे रेंज येत नाही. परिचरांना इंग्रजी जड जातं. तुम्ही काय वापरता?

आम्लराज
तारापूरला २२ वर्षं काढली. आमच्या कंपनीत परदेशी पॅकेज होतं, वर्षाला साडेचार लाख. बारकोड मारला की शीट हजर. ६० हजारांत काही होत नाही, स्पष्ट सांगतो.

कपाटकिल्ली
काका, बजेट वर लिहिलंय.

आम्लराज
वाचलं म्हणूनच सांगतोय. वाढवून घ्या.

बेन्झिनबाई
पैसे कशाला घालवता? जर्मनीतलं गेस्टिस बघा, घातक पदार्थांचा डेटाबेस आहे. तिथल्या अपघात विमा संस्थांचं आहे, इंग्रजीतही आहे, पूर्ण फुकट. मी इथे पीएचडी करतेय. आमच्या लॅबमध्ये प्रत्येक घातक पदार्थाची सूचना कामगाराला कळेल अशा भाषेत लावावीच लागते, कायदाच आहे तसा. आपल्याकडे हे कधी होणार कोण जाणे.

सोलापूरकर७१
एमएसडीएस, म्हणजे ती सेफ्टी शीट, पुरवठादाराकडून मागा, फुकट देतो.

पिपेटवाला
आता एमएसडीएस म्हणत नाहीत, एसडीएस म्हणतात. जीएचएस, म्हणजे रसायनांच्या धोक्यांची जागतिक वर्गीकरण पद्धत, आल्यापासून शीटचे १६ विभाग ठरलेले आहेत.

सोलापूरकर७१
आम्ही कायम एमएसडीएसच म्हणत आलो. मी तेच म्हणणार.

पिपेटवाला
म्हणा. पण मुद्दा बरोबर आहे तुमचा. शीट *त्याच* पुरवठादाराची हवी. फॉर्मॅलिनच्या बाटलीत ३७ टक्के फॉर्मल्डिहाइडबरोबर मेथनॉलही असतं. दुसऱ्याची शीट उतरवली की ते राहून जातं.

जुनाबुकमार्क
टॉक्सनेट वापरा, विषारी पदार्थांचा डेटाबेस. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं आहे, विश्वासार्ह. मी वर्षानुवर्षं वापरतो.

मोलमजूर
टॉक्सनेट डिसेंबर २०१९मध्ये बंद झालं हो. त्यातला घातक पदार्थांचा साठा पबकेम या तिथल्याच रसायन डेटाबेसमध्ये गेला. पबकेममध्ये पदार्थाचं पान उघडा, लॅबसाठी सुरक्षेचा वेगळा सारांश मिळतो. फुकट.

जुनाबुकमार्क
माझ्याकडे तर चालतं.

आम्लराज
फुकट गोष्टीची जबाबदारी कोण घेणार? अपघात झाला की पबकेमवाला येणार आहे का समितीपुढे?

मोलमजूर
तुमचा साडेचार लाखवाला येतो का?

सायन_ते_ठाणे
मी फॅक्टरी सेफ्टीत आहे. एकाच साइटवरचा आकडा उचलू नका. ॲसिटोनची हवेतली कामाच्या पाळीची मर्यादा अमेरिकेच्या ओशाच्या (कामगार सुरक्षेचे नियम करणारी सरकारी संस्था) नियमात १००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग), तिथल्याच नायॉश या संशोधन संस्थेच्या शिफारशीत २५० आणि आपल्या १९४८च्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ७५० होती. कुठला आकडा कशाचा, हे मुलांना शिकवणं हेही ग्रंथालयाचंच काम. नायॉशची पॉकेट गाइड फुकट आहे.

चहाकषाय
केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेत मिळत नाही का हे? २०२५पासून सुरू झालंय ना?

कपाटकिल्ली
त्या यादीत आमचं नाव नाही. शिवाय त्यात मुख्यतः जर्नल्स आहेत. बूच उडाल्यावर जर्नल कोण वाचतंय?

पिपेटवाला
नावाने कधी शोधू नका, कॅस नंबरने, म्हणजे रसायनाच्या जागतिक ओळखक्रमांकाने शोधा. शेवटचा आकडा तपासणीचा असतो. ॲसिटोन ६७-६४-१ घ्या. शेवटचा १ बाजूला ठेवून उजवीकडून क्रमाने १, २, ३, ४ने गुणत जा. ४ + १२ + २१ + २४ = ६१. शेवटचा आकडा १, म्हणजे नंबर बरोबर.

मोलमजूर
मेथनॉल ६७-५६-१. करा हिशेब. ६ + १० + २१ + २४, परत ६१. दोन्ही नंबर बरोबर, दोन्ही दिसायला जुळे आणि त्यातलं मेथनॉल माणसाला आंधळं करतं. आमच्याकडे एकाने घाईत मेथनॉलच्या ड्रमला ॲसिटोनची शीट चिकटवली होती, चार महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. नंबर *आणि* नाव, दोन्ही बघा.

फुटकी_टेस्टट्यूब
अवांतर: आमच्या जुन्या कॉलेजच्या कपाटात पिक्रिक ॲसिड सापडलं होतं, पार सुकलेलं. बॉम्बशोधक पथक आलं, दोन दिवस सुट्टी.

सायन_ते_ठाणे
झाकण फिरवलं नाहीत ना कुणी? सुकलं की स्फोटक, आणि आट्यांत अडकलेले कणही घर्षणाने उडू शकतात.

फुटकी_टेस्टट्यूब
शिपायाने उचलून हलवून बघितली होती म्हणे. "खुळखुळतंय सर."

आम्लराज
ईथरच्या जुन्या बाटल्याही तशाच, पेरॉक्साइड धरतात. आमच्याकडे उघडल्याची तारीख लिहिल्याशिवाय बाटली शेल्फवर जात नसे.

चहाकषाय
+१. तारखेचा मुद्दा महत्त्वाचा.

रानजाई
विषयावर येऊ या का? ताई, तुमचा अपघात दोन गोष्टी एकत्र आल्याचा आहे. शीट एका वेळी एकाच पदार्थाचं सांगते, आणि तो कशाबरोबर नको याची नुसती यादी देते. त्यासाठी कॅमिओ केमिकल्स बघा. अमेरिकेच्या नोआ (समुद्र-हवामान) आणि ईपीए (पर्यावरण) या सरकारी संस्थांचं आहे, फुकट. नायट्रिक आणि ॲसिटोन दोन्ही यादीत टाका, तक्त्यात दोघांच्या चौकटीत लाल येतं आणि खाली काय होईल तेही लिहून येतं. ॲप उतरवून घेतलं की रेंज लागत नाही, म्हणजे तळघराचा प्रश्न सुटला. मात्र किती ओतलं, किती वेळ ठेवलं, हे त्याला कळत नाही.

कपाटकिल्ली
हे कामाचं आहे. आजच टाकून बघते. आणि परिचरांसाठी?

रानजाई
आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटना) केमिकल सेफ्टी कार्डं आहेत, फुकट. त्यावरून आम्ही ४० कार्डं स्वतः मराठीत लिहिली. पहिल्या खेपेला "दहनशील" लिहिलं होतं. आमचे परिचर काका म्हणाले, "मॅडम, पेटतं असं लिहा की." मग सगळी परत लिहिली. "पेटतं. नाकात जाऊ देऊ नका. पाण्यात ओतू नका." नंतर काकांनीच "रात्री पंखा चालू ठेवा" अशी एक ओळ घालायला लावली. ती कुठल्याच डेटाबेसात नव्हती. पंखा स्फोटरोधक आहे का ते मात्र आम्ही नंतर तपासलं, आणि नव्हता.

सोलापूरकर७१
थोडक्यात सगळं फुकट आहे. ६० हजार परत करा.

कपाटकिल्ली
दादा, अनुदान परत केलं तर पुढच्या वर्षी कापतात. आणि फुकट गोष्टीचं बिल नसतं. कॉलेजला श्रेणी देणाऱ्या नॅकच्या समितीपुढे मी काय ठेवू, बुकमार्क?

बेन्झिनबाई
मग निदान पुस्तकं तरी घेऊ नका. छापून येईपर्यंत जुनी होतात.

आम्लराज
पुस्तक तर मुळीच नको. याबाबतीत मी बेन्झिनबाईंच्या बाजूने.

कपाटकिल्ली
(नऊ दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. ब्रेथरिकचे दोन खंड मागवले, काल आले. कशात काय मिसळलं तर काय होतं, याचंच ते पुस्तक आहे. आमची चूक नेमकी तीच होती. सवलत धरून बजेटात बसलं. तुम्ही सगळे नको म्हणालात, माहीत आहे. पण पुस्तकाला दाखल क्रमांक पडतो, दरवर्षीच्या पडताळणीत दिसतं, आणि वर्गणी संपली म्हणून १ एप्रिलला ते कपाटातून निघून जात नाही. उरलेल्या पैशांत लॅमिनेशन मशीन. कॅमिओ लॅबच्या दोन्ही टॅबवर टाकलं. पुरवठादारांना शीटसाठी मेल केले, अकरापैकी सातांनी पाठवल्या. कार्डं लिहिणं चालू आहे, १४ झाली.

पिपेटवाला
दोन खंड त्या तळघरात ठेवणार? ओल म्हणाला होतात.

कपाटकिल्ली
खंड वर, संदर्भ विभागात. तळघरात कार्डं. ओली झाली तर पुसता येतात.

आम्लराज
आणि संध्याकाळी साडेपाचनंतर ग्रंथालय बंद. प्रॅक्टिकल सातपर्यंत चालतं. मग?

कपाटकिल्ली
हं. हे लक्षात नव्हतं आलं. लॅबच्या कपाटात हलवावं लागेल, म्हणजे पुन्हा इश्यू रजिस्टर आलं.

जुनाबुकमार्क
टॉक्सनेट खरंच उघडत नाहीये. मला ज्या पानावर नेत होतं ते दुसरंच काहीतरी निघालं.