कॅम्पिंगला रम न्यायला घडीची बाटली कोणती घ्यावी?

भटका_नाशिककर:
डिसेंबरात भंडारदऱ्याला तंबू टाकून दोन रात्री राहायचं ठरतंय. चौघं आहोत, पाऊण लिटर ओल्ड मंक पुरते. काचेची बाटली सॅकमध्ये नको. जड, त्यात फुटायची भीती. स्टीलचा हिप फ्लास्क अगदीच लहान. रिकामी झाली की गुंडाळून खिशात जाईल अशी पिशवीवजा बाटली बघतोय. ऑनलाइन सिलिकॉनच्या, धावणाऱ्यांच्या मऊ बाटल्या असं काय काय दिसतं. कोणी वापरलंय का?

घाटवाट७:
प्लास्टिकची क्वार्टर मिळते की. चार घे, चौघांना एकेक. वाटणीची भांडणंही नाहीत.

पॉलिथिनकाका:
सल्ला वाईट नाही, पण विचारलंय घडीच्या बाटलीबद्दल. माझी अख्खी नोकरी प्लास्टिक फिल्मच्या कारखान्यात झाली म्हणून सांगतो, रंग-आकार सोड, आतला थर कशाचा ते बघ. रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल. पॉलिइथिलीनला त्याचं काही वाटत नाही. आत ते आणि बाहेर नायलॉन अशी पिशवी घे. प्लॅटिपस कंपनीची लिटरची बाटली याच जातीची, रिकामी चाळीसेक ग्रॅम. धावणाऱ्यांच्या बाटल्या बहुतेक टीपीयूच्या, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकच्या. पाण्याला झकास, पण अल्कोहोल त्यात शिरतं आणि रमला प्लास्टिकची चव लागते. सिलिकॉन टिकेल, पण वास धरून बसतं. पुढे त्यात सरबत नेलंस तर पोरं तोंड वाकडं करतील.

आणलीस की घरीच तपास. भर, हवा दाबून काढ, झाकण आवळ आणि वर्तमानपत्रावर रात्रभर आडवी ठेव. सकाळी डाग दिसला नाही तरी झाकणाशी नाक ने, गळती आधी नाकाला कळते. मग घोटभर चाखून बघ. काठोकाठ मात्र भरू नकोस, उन्हात गाडीत राहिली की फुगते.

आणि यात चेष्टा नाही: वर मार्करने ठळक ‘दारू’ लिही. रम निदान रंगावरून कळते, व्होडका कळत नाही, आणि अंधारात तहानलेला माणूस हाताला येईल ते तोंडाला लावतो. स्टोव्हचं स्पिरिट त्या पिशवीत कधीच भरायचं नाही, धुऊन घेईन म्हणालास तरी नाही. त्यात मिथेनॉल असू शकतं.

सह्यकन्या:
दारूचा परवाना काढलाय ना? महाराष्ट्रात बाळगायलाही लागतो. सुटी ओतलेली दारू नाक्यावर सापडली तर बिल दाखवून तरी काय पटवणार? रतनगडावर तर नेऊच नका. आणि विमानाने जाणाऱ्यांसाठी: चेक-इन सामानात ७० टक्क्यांपर्यंतची दारू चालते, पण कंपनीच्या सीलबंद बाटलीतच. घडीची पिशवी रिकामी न्यायची.

भटका_नाशिककर:
परवाना आहे, गडावर जाताना बाटली खालीच राहील. काका, मे महिन्यात गोव्यात कॅम्प आहे. हीच पिशवी फेणीला चालेल?

पॉलिथिनकाका:
चालेल, पण मग ती जन्मभर फेणीचीच. तो वास खायच्या सोड्यानेही जात नाही. वेगळी घे.