शब्दचर्चा : पाणलोट, फुगवटा, अपधाव, येवा

भीमाकाठ :
एम.ए. भूगोलाला यंदा जलविज्ञान घेतलंय. शिकवणं इंग्रजी पुस्तकांवरून, पेपर मात्र मी मराठीत लिहिणार, त्यामुळे शब्दांशी रोजची झटापट. सध्या गाडं 'पाणलोट'पाशी अडलंय. एका पुस्तकात वॉटरशेड म्हणजे दोन नद्यांच्या मधली डोंगरधार, दुसऱ्यात तोच शब्द पाणी गोळा होणाऱ्या सगळ्या मुलखाला. त्यात आमच्याकडच्या एका पेपरात 'उजनीच्या पाणलोटात रोहित पक्ष्यांचं आगमन' असं वाचलं. पक्षी नेमके उतरले कुठे, डोंगरावर की पाण्यात? आणि 'अपधाव' (रनऑफ, म्हणजे जमिनीवरून वाहून जाणारं पाणी) हा शब्द कुणी बोलताना ऐकलाय का?

जुना ओव्हरसियर :
पक्षी पाण्यातच उतरले, शब्द चुकला. धरण झालं की त्याच्या आजूबाजूच्या जमिनीला चार वेगळी नावं पडतात. जिथलं पाणी उताराने धरणात येतं ते पाणलोट क्षेत्र. त्यातलं जे पाण्याखाली जातं ते बुडीत क्षेत्र. धरण भरत आलं की नदीच्या पात्रात पाणी मागे चढत जातं, तो फुगवटा. भिंतीखाली कालव्यावर भिजतं ते लाभक्षेत्र. भिगवण-कुंभारगावचे रोहित फुगवट्यात असतात, इंदापूर-करमाळ्याचे मच्छीमारही फुगवट्यातच जाळी टाकतात. बातमीदारांनी फुगवट्यालाच पाणलोट म्हणायची सवय लावून घेतली आहे. ती आता इतकी रुळली आहे की शासकीय पत्रकांतही कधीकधी सापडते. तरी तू लिहू नकोस.

उजनीचं खरं पाणलोट सुमारे १४,८५० चौ. किमी आहे. वर भीमाशंकरपासून सुरू होतं. घोड, कुकडी, इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, सगळ्या त्यात आल्या. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर पडलेला पाऊस मुठेत, मुठेचा मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि शेवटी उजनीत. म्हणजे लक्ष्मी रस्ता उजनीच्या पाणलोटात आहे, पण धरणाच्या भिंतीखालचं शेत नाही. सोलापुरात कडक ऊन असताना उजनी भरते ती यामुळेच. म्हणून तर सोलापूरकर जुलैत आभाळ बघायच्या आधी 'दौंडचा विसर्ग किती?' हे विचारतो.

हिशेब करून बघ. एवढ्या पाणलोटावरून सरसकट १ मिमी पाणी वाहून खाली आलं तर १४.८५ दलघमी (दशलक्ष घनमीटर) होतं, म्हणजे जवळपास अर्धा टीएमसी (अब्ज घनफूट). लक्षात घे, १ मिमी पाऊस म्हणालो नाही, १ मिमी वाहून आलेलं पाणी म्हणालो. पावसातलं बरंचसं मातीत मुरतं, पिकं-झाडं पितात, उन्हाने उडून जातं आणि उजनीच्या बाबतीत वरच्या धरणांत अडतं. दुसरं एक गणित पाठच कर : साडेअकरा हजार क्युसेकचा (सेकंदाला घनफूट) विसर्ग चोवीस तास चालला की १ टीएमसी.

भीमाकाठ :
काका, मग पेपरात 'खडकवासल्याच्या पाणलोटात पाऊस' असं वेगळं का देतात? तो भाग तर तुम्ही उजनीत घातलात.

जुना ओव्हरसियर :
दोन्ही बरोबर आहे. टेमघर मुठेवर, वरसगाव मोसे नदीवर, पानशेत आंबीवर. प्रत्येकाचं आपापलं पाणलोट, तिन्ही मिळून खडकवासल्याच्या पाणलोटात आणि खडकवासल्याचं अख्खं पाणलोट उजनीच्या पोटात. पाणलोट हे नेहमी कुठल्या तरी ठिकाणाचं असतं. ठिकाण सांगितलं नाही तर शब्दाला अर्थ नाही. नोकरीत आम्ही रस्त्यावरच्या साध्या मोरीचंसुद्धा पाणलोट काढायचो. नकाशावर मोरीपाशी पेन्सिल ठेवायची, दोन्ही बाजूंनी समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषांना काटकोनात छेदत चढावर जायचं, वर माथ्याला दोन्ही रेषा मिळवायच्या. आत जेवढे हेक्टर आले त्यावरून नळ्यांचा व्यास. नळे बारीक पडले तर पहिल्याच मोठ्या पावसात रस्ता वाहून जायचा आणि मग शिव्या ओव्हरसियरला.

घाटवाट :
तुझ्या दोन पुस्तकांतला घोळ मराठीचा नाही. ब्रिटिश वापरात वॉटरशेड म्हणजे धार, अमेरिकन वापरात धारेच्या आतला मुलूख. मराठीत दोन्हींना वेगळे शब्द आहेत, जलविभाजक आणि पाणलोट, तेव्हा आपण उलट फायद्यात आहोत. कौलारू घराचं आढं म्हणजे जलविभाजक, एकेक पाखं म्हणजे पाणलोट.

उदाहरण लिहायचं तर महाबळेश्वरचं लिही. एकाच पठारावरून कृष्णा पूर्वेला निघते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला कोसळते ती बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात. कृष्णेचा प्रवास १,४०० किमीचा, सावित्रीचा त्यापुढे अगदीच किरकोळ. आणि जलविभाजक म्हणजे चाकूची धार असते असं समजू नकोस. पठारावर तो कुठून जातो हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, पाऊस पडताना उभं राहिलं तरी.

मांडवी :
आमच्या गोव्यात हा वाद शब्दापुरता उरलेला नाही. म्हादई (खाली येऊन तीच मांडवी) पश्चिमेला वाहते. तिचं पाणी कर्नाटकाला मलप्रभेत न्यायचंय, आणि मलप्रभा कृष्णेच्या खोऱ्यातली. म्हणजे पाणी जलविभाजक ओलांडून न्यायचं. इथे 'पाणलोट' न म्हणता 'खोरं' म्हणतात. अख्ख्या नदीचं ते खोरं, ओढ्या-धरणाचं ते पाणलोट, साधारण असा वापर दिसतो. आणि ओढा हा शब्द घाटावरचा. आमच्याकडे व्हाळ.

मुरूमफोड्या :
वर सगळे जमिनीवरच्या पाण्याचं बोलले, माझा धंदा विहिरींचा. तीन क्रियापदं नीट वापर. वरून आत जातं ते *मुरतं*. आतल्या आत हळूहळू सरकतं ते *झिरपतं*. बाहेर येतं ते *पाझरतं*. बोलताना लोक सरमिसळ करतात, पण विहीर खणणाऱ्याची होत नाही. पाझर तलावाचं नाव बघ. तलावात पाणी मुरतं, तरी नाव पडलं पाझरावरून, कारण खालच्या विहिरींना पाझर फुटावा म्हणून तर तो बांधायचा.

थरांची नावंही लिही : माती, मुरूम, मांजऱ्या (भोकाभोकांचा बेसॉल्ट), काळा पाषाण. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा. अखंड काळ्या पाषाणात पाणी राहायला जागा नाही, भेगा असतील तेवढंच. मुरमात आणि फुटलेल्या मांजऱ्यात पाणी मिळतं. मांजऱ्याच्या भोकांत पांढरी गारगोटीसारखी खडी भरलेली असेल तर तोही कोरडा निघतो. आणि थर नेहमी जमिनीच्या उतारानेच जातात असं नाही, त्यामुळे डोंगराच्या या अंगाला मुरलेलं पाणी त्या अंगालाही पाझरतं. भूजल विभागाने राज्याचे १५३१ पाणलोट पाडलेत, मोजणीला ते ठीक आहेत. जमिनीखालचं पाणी ती रेघ पाळतंच असं नाही.

शब्दखूण :
'अपधाव' कृषी विद्यापीठांच्या पुस्तकांत सर्रास आहे, ग्रामसभेत मी एकदाही ऐकला नाही. तिथे 'वाहून जाणारं पाणी'च चालतं. मला शब्द आवडत नाही. 'अप' लावल्याने पाणी जणू गुन्हा करून पळतंय असं वाटतं. नदीला पूर येतो, धरण भरतं ते या अपधावेवरच. पण सूत्र मांडायला सुटसुटीत आहे, तेव्हा पेपरात लिही.

त्यापेक्षा 'येवा' हा शब्द उचल. जलसंपदा खात्याचा अस्सल मराठी शब्द आहे. एखाद्या ठिकाणी वर्षभरात येणारं एकूण पाणी म्हणजे येवा. '७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा' असं वाचशील तेव्हा पाण्याचे ७५ टक्के असा अर्थ घेऊ नकोस. शंभरातल्या ७५ वर्षांत किमान एवढं पाणी येईल असा तो आकडा. परीक्षेत यावर हमखास मार्क जातात.

भीमाकाठ :
सगळ्यांचे आभार. 'फुगवटा' आणि 'येवा' वहीत लाल शाईने गेले. आता शेवटचं : बेसफ्लो? पाऊस संपल्यावरही नदीत राहतो तो प्रवाह.

मुरूमफोड्या :
आमच्याकडे त्याला नाम नाही, क्रियापदावर भागतं. 'यंदा ओढा दिवाळीपर्यंत चालला' म्हटलं की सगळ्यांना कळतं.

शब्दखूण :
पेपरात 'पायाप्रवाह' लिही आणि पहिल्या वेळी अर्थ दे : भूजलातून पाझरून नदीला मिळत राहणारं पाणी. मुरूमफोड्यांचं वाक्य खाली उदाहरण म्हणून टाक, तपासणारा खेड्यातला असला तर खूश होईल.