ड्रमर गेला, त्याच नावानं बँड पुढे चालवावा का?

धंतोलीचा बेसवाला

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका चार जणांच्या रॉक बँडमध्ये मी बेस गिटार वाजवतो. एप्रिलमध्ये आमचा ड्रमर गेला. हार्ट अटॅक. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो, म्हणून इथंही दादाच लिहितो.

बँड त्याच्या घरात उभा राहिला. त्रिमूर्तीनगरातली मागची खोली, भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या, खिडकीत कूलर. रेकॉर्डिंग असलं की दादा कूलर बंद करायचा, कारण त्याची घरघर माइकमध्ये यायची. मे महिना, बंद खोली, चार माणसं आणि तापलेले अँप. तरी कोणी उठायचं नाही. चाली गिटारवाल्याच्या, शब्द गायकाचे, पण गाणं कुठं रोखायचं आणि कुठं सोडायचं हे दादा ठरवायचा.

आमचं सगळ्यात जास्त फर्माईश होणारं गाणं सात मात्रांचं आहे. दादा लहानपणी तबला शिकलेला. रूपक तालात पहिल्याच मात्रेवर 'खाली', म्हणजे जोर न देता रिकामी सोडलेली जागा, येते ना, तेच त्यानं ड्रमवर आणलं. पहिल्या मात्रेवर तो बेस ड्रम, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, मारायचाच नाही. ती जागा माझ्यासाठी रिकामी सोडायचा. तिथं फक्त माझी एक तार वाजायची आणि मग दुसऱ्या मात्रेपासून तो आत यायचा. समोरची पोरं न मोजता माना हलवायची.

आता डिसेंबरात एका कॉलेजच्या फेस्टला बोलावून राहिले आहेत. जुन्याच नावानं या म्हणतात. एक पोरगा ट्रायलला येऊन गेला, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हात एकदम साफ, क्लिकवर, म्हणजे लय दाखवणाऱ्या मशीनच्या टिकटिकीवर, जरा इकडचं तिकडं होत नाही. पण ते गाणं सुरू झालं आणि त्यानं पहिल्या मात्रेवर धाडकन बेस ड्रम मारला. त्याची चूक नाही, कोणीही मारेल. माझा हात तिथंच थांबला.

गिटारवाला म्हणते, आता हा तो बँड नाही, नाव बंद करा. गायक म्हणते, गाणी आपली तिघांचीही आहेत, ती कशाला मरू द्यायची? मी मधात. तुम्ही मोठमोठ्या बँडचं हे सगळं पाहिलं, ऐकलं आहे. काय करावं? मनापासून सांगा.

सदरचा श्रोता

वाचून फार वाईट वाटलं भाऊ. माझं मत विचारता तर थांबवा.

लेड झेपेलिन बँडचा ड्रमर जॉन बॉनम २५ सप्टेंबर १९८० ला गेला. अमेरिकेचा दौरा ठरलेला होता. ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी निवेदन काढलं की आता आम्ही पूर्वीसारखे पुढे जाऊ शकत नाही, आणि विषय संपवला. त्यांनी नुसता शब्द टाकला असता तर जगातला कुठलाही ड्रमर धावत आला असता. पुढे २००७ मध्ये लंडनला एका रात्रीपुरते ते पूर्ण कार्यक्रमासाठी एकत्र आले, तेव्हा ड्रमवर बॉनमचाच मुलगा जेसन बसला होता. म्हणजे तेव्हाही बाहेरचा माणूस त्यांना नको होता.

ड्रमर काय, मागे बसणारा, दुसरा मिळेल, असं लोकांना वाटते. बँडमधल्यांना तसं वाटत नाही. तुमचा गिटारवाला बरोबर बोलून राहिला.

साउंडवाला काका

बेसवाल्या, तुझ्या दादाला मी ओळखत होतो. कॉलेजांच्या मैदानांवर तुमचा साउंड मी केला आहे. साउंडचेकला प्रत्येक ड्रमर आधी मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याला ऐकू यावं म्हणून त्याच्याजवळ ठेवलेल्या स्पीकरमध्ये, स्वतःचा आवाज वाढवायला सांगतो. हा एकटा म्हणायचा, "काका, माझ्या मॉनिटरमध्ये त्याचा बेस वर घ्या, बाकी काही नको." का म्हणायचा ते आज तुझं वाचून समजलं.

बँड चालवा, असं माझं ठाम मत आहे. पण कसा चालवायचा यावर सगळं आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

लोक नेहमी एसी/डीसी बँडचं उदाहरण देतात. गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला गेला आणि जुलैमध्ये 'बॅक इन ब्लॅक' बाजारात होता, नव्या गायकासह. अल्बमचं कव्हर काळं, सुरुवात घंटेच्या ठोक्यांनी. यातून लोक घाईचा धडा घेतात, मी वेगळी गोष्ट घेतो. ब्रायन जॉन्सन आला तो दहा नवी गाणी घेऊन उभा राहिला. बॉनची गाणी त्यानं म्हटलीच, अजूनही म्हणतो, पण त्याची पहिली ओळख त्याच्या स्वतःच्या गाण्यांनी झाली. त्याला कोणी बॉनच्या चपला घालायला लावल्या नाहीत.

आपल्याकडचं बघायचं तर इंडियन ओशन हा बँड. असीम चक्रवर्ती मांडी घालून बसायचा, तबला वाजवायचा आणि त्याच वेळी गायचा. एका माणसात ताल आणि गळा दोन्ही. असा माणूस दुसरा आणणार कुठून? २५ डिसेंबर २००९ ला तो गेला. त्यांनी दुसरा असीम शोधलाच नाही. तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आला, गायला हिमांशू जोशी आला. एका जागेवर दोन माणसं बसवली. हिमांशू 'मा रेवा' हे नर्मदेवरचं गाणं म्हणतो तेव्हा असीमचा गळा काढायला जात नाही, स्वतःच्या गळ्यानं म्हणतो, आणि नर्मदा तीच राहते.

त्यांनी आणखी एक केलं, ते मला फार मोठं वाटतं. असीम असताना रेकॉर्ड झालेली गाणी त्यांनी २०१० पासून दर महिन्याला एक अशी लोकांना फुकट दिली. अल्बमचं नाव ठेवलं '१६/३३० खजूर रोड'. दिल्लीच्या करोल बागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ते वर्षानुवर्षं रियाज करायचे, त्याचा पत्ता. तुमची त्रिमूर्तीनगरची खोली वाचताना मला तेच आठवलं. दादाच्या हातचं जे काही रेकॉर्ड होऊन पडलं असेल, कच्चं असलं तरी, आधी ते बाहेर काढा. मिक्सिंग मी करून देतो, पैशाचं बोलू नको.

आता काय करू नये तेही सांगतो. मेटॅलिका बँडचा बेस वाजवणारा क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बस उलटून गेला. काही आठवड्यांत जेसन न्यूस्टेड आला, दौरे सुरू झाले. १९८८ चा '...अँड जस्टिस फॉर ऑल' हेडफोन लावून ऐक आणि बेस शोधून दाखव. जवळजवळ ऐकूच येत नाही. माणूस घेतला पण त्याला जागा दिली नाही. गाणी जबरदस्त आहेत, तरी साउंडचं काम करणारा म्हणून मला तो अल्बम ऐकवत नाही. दुःखाचा राग नव्या माणसावर काढला की तो आवाजात उतरतो. तुमच्या त्या पोराचं असं होऊ देऊ नका.

तुझ्या गाण्याविषयी बोलतो. पहिल्या मात्रेवरची रिकामी जागा ही दादाची सवय नव्हती, ती गाण्याची रचना आहे. रचना शिकवता येते. त्या पोराला "दादासारखं वाजव" असं कधीच म्हणू नको. "इथं मारायचं नाही, इथं माझी तार आहे" एवढंच सांग. बाकीच्या सहा मात्रा त्याच्या, त्यात त्यानं काय करायचं ते त्याला करू दे.

जे शिकवता येणार नाही तेही आहे. दादा ध्रुवपदाला किंचित पुढे सरकायचा. मी बाहेरून ऐकायचो, गाणं जरासं धावायला लागायचं, आणि कडव्याला तो पुन्हा मागे घ्यायचा. क्लिक लावला की हे मेलं. म्हणून क्लिक बंद करा. पोराला तुझ्या उजव्या हाताकडे बघत वाजवू दे. तो दादासारखा धावणार नाही, त्याच्यासारखा धावेल. चालते.

आणि डिसेंबरच्या आधी एक नवं गाणं करा, ज्यात त्याचा हात पहिल्या दिवसापासून असेल. एकच पुरे. ते गाणं झालं तर समज बँड जिवंत आहे. नुसती जुनी गाणी नीट वाजवत बसलात तर तो तुमच्याच गाण्यांचा ऑर्केस्ट्रा होईल, मग मात्र गिटारवाल्याचं ऐका.

मेडिकल चौकातली

बेसवाले दादा, मी काही वाजवत नाही, फक्त ऐकते. तुमचा बँडही ऐकला आहे, ते सात मात्रांचं गाणंही. मात्रा सात आहेत हे आज कळलं!

ऐकणाऱ्यांच्या बाजूनं एक सांगते. शाळेपासून माझा जीव लिंकिन पार्क या बँडवर. २० जुलै २०१७ ला त्यांचा गायक चेस्टर गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांनी लॉस एंजेलिसला त्याच्यासाठी कार्यक्रम केला. त्यात 'नम्ब' लागलं तेव्हा कोणीच गायलं नाही. मध्ये नुसता माइक उभा, बँड वाजवतोय, आणि पूर्ण गाणं प्रेक्षकांनी म्हटलं. ते मी व्हिडिओवर पाहिलं, घरी बसून मीही म्हटलं. त्यानंतर जवळजवळ सात वर्षं त्यांनी कोणालाही चेस्टरच्या जागी उभं केलं नाही. सप्टेंबर २०२४ ला गायला एमिली आर्मस्ट्राँग आली, ड्रमरही नवा आला. खूप जणांना ते पटलं नाही, अजून पटत नाही. मला पटलं, कारण त्याआधी मला रडून घ्यायला मिळालं होतं.

म्हणून वाटते, तुमचा पहिला कार्यक्रम फेस्टचा नको. तिथं अर्ध्या पोरांना काही माहीत नसणार, ते ओरडतील, नाचतील, तुम्हाला त्रास होईल. आधी दादांसाठी एक छोटा कार्यक्रम करा. ओळखीचे लोक, दादांच्या घरचे, आम्ही ऐकणारे. त्यात ते गाणं ड्रमशिवाय वाजवा. ठेका आम्ही टाळ्यांवर धरू, पहिली मात्रा सोडून. मग डिसेंबरात त्या पोराला घेऊन उभे राहा, कोणाची हरकत राहणार नाही.

सदरचा श्रोता

काकांचं नव्या गाण्याचं म्हणणं मला पटलं. वाजवणं थांबवा हे मी मागे घ्यायला तयार आहे. नावाचं मात्र नाही.

जॉय डिव्हिजन बँडचा गायक इयन कर्टिस मे १९८० मध्ये गेला. त्यांचं आपसात आधीच ठरलेलं होतं की एकही जण गेला तर हे नाव वापरायचं नाही. तिघांनी न्यू ऑर्डर नाव घेतलं आणि त्याच नावानं पुढे मोठे झाले. क्वीन बँडनं दुसरा रस्ता काढला. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये गेल्यावर पुढे पॉल रॉजर्स आला, मग अ‍ॅडम लॅम्बर्ट, पण पोस्टरवर 'क्वीन प्लस' आणि त्या गायकाचं नाव. लोकांना काय मिळणार ते स्वच्छ सांगितलेलं. तुम्ही यातलं कुठलंही करा, पण आयोजकांना जुन्या नावाचं पोस्टर छापू देऊन काही झालंच नाही असं दाखवू नका.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. तुमची गाणी स्ट्रीमिंगवर असतील तर दादांचा वाटा त्यांच्या घरच्यांच्या खात्यात जाईल अशी लेखी व्यवस्था आत्ताच करा. रक्कम किती का असेना. हे राहून गेलं की पुढे सगळ्यांची मनं दुखावतात.

धंतोलीचा बेसवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं मॉनिटरचं वाचून मी बराच वेळ फोन बाजूला ठेवला होता.

काल वहिनींकडे गेलो. स्ट्रीमिंगचं बोललो, पैसे फार नाहीत, पण त्यांच्या नावावर करून देऊन राहिलो. जुन्या प्रॅक्टिसची रेकॉर्डिंग दादाच्या लॅपटॉपमध्ये आहे, तो लॅपटॉप वहिनींनी दिला. ड्रमचा किट मी उचलून न्यायला तयार होतो, त्यांना त्रास नको म्हणून. त्या म्हणाल्या, किट इथंच राहील, वाजवायचं असेल तर इथंच येऊन वाजवा. घर फार शांत झालं आहे.

आज संध्याकाळी त्या पोराला तिथं नेलं. क्लिक नाही. पहिल्या मात्रेचं सांगितलं. पहिल्यांदा तो मोजत बसला, मग मोजणं सोडलं. दादा तिसऱ्या मात्रेवर झांज दाबून धरायचा, यानं ती उघडी सोडली. मला आधी खटकलं, पण काकांचं आठवून काही बोललो नाही, आणि दोन-चार वेळा वाजल्यावर ते ऐकायला बरं वाटू लागलं. गिटारवाला आला होता. वाजवला नाही, कोपऱ्यात बसून ऐकला आणि जाताना त्या पोराला म्हणाला, सीट खाली घे, पाठ दुखेल. नावाबद्दल त्याचं मत अजून तेच आहे, आणि त्याच्या संमतीशिवाय मी आयोजकांना नाव कळवणार नाही.

मेडिकल चौकवाली ताई, छोट्या कार्यक्रमाचं सगळ्यांनाच पटलं. दिवाळीनंतरचा एखादा रविवार पाहून राहिलो. शंकरनगर किंवा धरमपेठ भागात साठ-सत्तर माणसं बसतील असा हॉल कोणाला माहीत आहे का? शेजारी तक्रार करणार नाहीत आणि भाडं आमच्यासारख्यांना परवडेल असा पाहिजे.